हात करून वळणारा माणूस

नाना सकपाळ गेल्या महिन्यात वारले. घरात वारले, अंथरुणावर, बायकोच्या हातचा चहा अर्धा पिऊन. महाड ते पोलादपूर ज्यांनी ज्यांनी त्यांना हायवेवर सायकल चालवताना पाहिलं होतं, त्या सगळ्यांनी त्यांचं मरण त्या सिमेंटच्या रस्त्यावरच गृहीत धरलं होतं. मीही. तोंडावर बोललोसुद्धा होतो, "नाना, एक दिवस तुम्हाला फावड्यानं गोळा करायला लागणार." तसलं काही झालं नाही, म्हातारा सुखानं गेला. आणि खरं सांगू? मला त्याचा राग आला. मयताला उभा होतो तेव्हा पोटात राग होता, आज लिहायला बसलोय तोही रागानंच. कारण त्या सायकलीपायी दत्ता जाधव नावाच्या एका सरळ ड्रायव्हरची नोकरी गेली, नाव खराब झालं, आणि त्याच्यावरची केस अजून तारखांवर लोंबकळतेय.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटला आहे. हेल्मेट घाला, गॉगल घाला, इथं विडी ओढू नका, असं दिवसभर लोकांच्या कानीकपाळी ओरडायचं, हे माझं काम. नाना मेंटेनन्सला फिटर. उंच, काटकुळे, खाकी पॅन्टचा उजवा पाय सायकलीच्या ट्यूबच्या पट्टीनं घोट्याशी बांधलेला, तो कामावरही तसाच. कानावर खडू. बोलणं मोठ्यानं, अगदी शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा समोरच्या डोंगरावरच्याशी बोलल्यासारखं. अर्धं आयुष्य कंप्रेसर हाऊसच्या गोंगाटात काढलेली माणसं तशीच बोलतात, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. पोरासोरांपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत.

आता यातली चीड आणणारी गोष्ट ऐका. गेटच्या आत या माणसाइतका सावध कामगार मी दुसरा पाहिला नाही. लाइन खोलायची असली की व्हॉल्व्ह बंद आहे का ते स्वतः जाऊन बघणार, परत येणार, खडूनं पाइपवर खूण करणार, पुन्हा जाऊन बघणार. हाताखालच्यांना सांगायचे, "तीनदा बघायचा नि मग पाना लावायचा. घाई हाय त्यानं घरी जावं." एकदा प्रॉडक्शनचे साहेब डोक्यावर येऊन उभे राहिले, लाइन लगेच खोला म्हणून. नानांनी पाना खाली ठेवला, त्यावर बूड टेकलं आणि म्हणाले, "तुमी खोला. मी बघतो." तासाभरानं कळलं की पलीकडचा व्हॉल्व्ह गळत होता. त्या दिवशी लाइन खोलली असती तर दोघेतिघे भाजले असते. त्यांना कंपनीनं सेफ्टीचं बक्षीस दिलं, आणि ते मीच स्टेजवर त्यांच्या हातात ठेवलं. मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. प्लांटमध्ये घाईनं गॉगलशिवाय शिरत होतो, तर दारात आडवे. "साहेब, डोळे घरी ठेवून आलाव काय?" सगळ्यांसमोर.

आणि हाच माणूस शिफ्ट सुटली की गेटबाहेर पडायचा, त्या चोवीस इंची काळ्या धुडावर टांग टाकायचा, आणि जिथं गाड्या शंभरच्या पुढं पळतात त्या चौपदरी रस्त्यावरून पोलादपूरच्या दिशेनं निघायचा. मान खाली, मागं बघायचं नाव नाही. त्यांची वाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला. दुभाजकात जिथं वळायला मोकळं सोडलंय तिथं आले की उजवा हात आडवा करायचा आणि डाव्या कडेवरून सरळ दोन्ही लेन कापत पलीकडं. एवढंच. हात केला की झालं. मागून ट्रेलर येतोय की टँकर, ते बघायचं काम मागच्याचं.

हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. जुना रस्ता दोन गाड्या कशाबशा जातील एवढाच होता. त्यावर धावणारे ड्रायव्हर सगळे ओळखीचे. हॉर्न वाजला की सायकलवाला मुरमाच्या पट्टीवर उतरायचा, आणि सायकलवाल्यानं हात केला की ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवायचा. कुणी लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना मान्य होतं. मी कंपनीत नवीन असताना फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर नाना रस्त्याकडं पाठ करून बसायचे आणि हॉर्नवरून गाडी ओळखायचे. "हा मोऱ्यांचा टेम्पो. ही विन्हेऱ्याची एसटी. हा दत्ता." एकदाही चुकायचे नाहीत. आम्ही चहा हरायचो. मग चौपदरी झाला. आता त्यावरून केरळचा ट्रक जातो, गुजरातचा टँकर जातो, गोव्याला निघालेली पोरं गाणी लावून जातात. यांना नाना सकपाळ कोण, त्यांच्या हाताची किंमत काय? ते हॉर्नसुद्धा मारत नाहीत, लाइट मारतात. पण नानांच्या डोक्यातला रस्ता जुनाच राहिला. मागून येणारा आपल्यातलाच असणार, आणि तो थांबणार.

मी त्यांना एकदा तिथंच अडवलं होतं. मोटरसायकल आडवी घातली आणि तोंडासमोर जाऊन ओरडलो.

"नाना, मागं बघून तरी वळा हो!"

"हात करतो ना मी."

"तो हात दिसेपर्यंत गाडी अंगावर येते. शंभरनं येतात लोक."

"मग त्यांनी सावकाश यावं. मी कुठं पळतोय?"

"तुम्ही मराल, नाना."

"तेराव्याचा आचारी ठरवू नको आतापासून," म्हणाले आणि हसले. मग एकदम हसू पुसून त्यांनी पायाखालच्या सिमेंटवर टाच आपटली. "तू मला जिथं अडवलंस ना, तिथं माझी खाचरं व्हती. बापानं एकेक दगड येचून काढलेली. चार पिढ्या आमी हितनं पलीकडं जातोय. आता हितं मी हात करून वळायचं नाय, तर वळायचं कुठं?"

"जमीन तुमची होती, कबूल. पण त्याच खाचरातून आता चाळीस टनाचा ट्रेलर जातोय. त्याला काय सांगणार, बांधावरून जा?"

"सांगून बघतो," म्हणाले, आणि टांग टाकून गेलेसुद्धा. या माणसाशी वाद घालणं म्हणजे नुसता घसा कोरडा करणं.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे: सायकल आणि शंभरच्या वेगाची गाडी एका रस्त्यावर सोडणं हा शुद्ध गाढवपणा आहे. कुणी कितीही हक्काच्या गोष्टी सांगो. घाटातून उतरणाऱ्या ट्रेलरला थांबायला किती जागा लागते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सायकलवाल्याचं चाक खडीवरून जरा सरकलं, कुत्रं आडवं आलं, ट्रकच्या वाऱ्यानं हँडल हललं, की संपलं. आणि नुसता तो मरत नाही, त्याला वाचवायला जाणाराही मरतो. रविवारी मुंबई-पुण्याहून ते रंगीत तंग कपड्यांतले सायकलवाले येतात ना रांगेनं, डोक्याला टोपडं आणि काळे चष्मे, त्यांनाही मी मनातल्या मनात शिव्या घालतो. नाना मात्र मला टोमणा मारायचे, "त्यांना तू साहेब साहेब करतंस, नि मलाच अडवतंस. माझी चड्डी तंग नाय म्हणून काय?"

रस्ता बांधणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. त्यांनी सर्व्हिस रोड केला, छान केला, आणि ओढ्याच्या मोरीपाशी आणून संपवला. पुढं काय? पुढं वर चढा हायवेवर आणि व्हा गाड्यांच्या हवाली. मी अर्ज केला. हायवेवर सायकलींना बंदी घाला आणि मोरीपुढचा सर्व्हिस रोड पुरा करा, असा. गावोगाव फिरून सह्या घेतल्या. नानांनी सही केली नाही. "दुसरं कलम व्हणार नाय नि पयलं लगेच व्हईल. मग मी कामावर येऊ कसा, उडत?" मी आणखीच चिडलो. म्हणालो, "कंपनीची बस आहे ना! दत्ताची बस तुमच्या वाडीवरूनच जाते. फुकट आहे. बसा की तिच्यात!" तर म्हणे, बसमध्ये बसून गुडघे धरतात. रविवारी सव गावी जाऊन गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवून बसणारा माणूस मला सांगतो, सायकलीनं गुडघे बरे राहतात!

शेवटी मी कंपनीतून एक चमकणारं जाकीट मिळवलं, नारिंगी, पट्ट्यापट्ट्यांचं, आणि त्यांना दिलं. निदान लांबून दिसेल तरी. आठवडाभर अंगावर दिसेना म्हणून घरी गेलो, तर ते भाताच्या शेतात बुजगावण्याच्या अंगात! वैनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. नाना म्हणाले, "रानडुकरं बघ, फिरकत नायत. लई गुणाचं जाकीट." मी चहा न पिता निघून आलो. वैनींनी मागून हाक मारली, तरी थांबलो नाही.

अपघात झाला तो दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर. पाऊस नाही, धुकं नाही, लख्ख ऊन. दत्ताची बस पोलादपूरकडं चाललेली, आत चाळीसएक माणसं, निम्मी पेंगलेली. दत्ता तुडीलचा. कंपनीच्या रोलवर कितीतरी वर्षं गाडी चालवत होता, साधं खरचटणं नाही. बसमध्ये गाणं लावायचा नाही, का तर मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यावा. पॅकिंगच्या रंजना शेलार दाराशी उभ्या होत्या, त्यांचा थांबा जवळ आला होता. पुढं डाव्या कडेनं नाना. वळायची जागा आली, नानांनी हात आडवा केला आणि वळले. शेजारच्या लेनमध्ये जरा मागून कार येत होती, म्हणून दत्ताला उजवीकडं जाता येईना. त्यानं करकचून ब्रेक मारला. बस वाकडी झाली, थांबली. नानांच्या मागच्या चाकात आणि बसमध्ये, लोक सांगतात, हातभर अंतर राहिलं. रंजनाताई दारातून उडाल्या त्या खाली सिमेंटवर. खुबा मोडला. आज काठी घेऊन चालतात, आणि कामावर परत आल्याच नाहीत.

आणि नाना? नाना सरळ दुभाजकातून पलीकडं गेले, वाडीच्या रस्त्याला लागले. मागं काय झालं ते त्यांना कळलंच नाही. संध्याकाळी कुणीतरी घरी जाऊन सांगितलं तेव्हा म्हणाले, "पण मी हात केला व्हता." दुसऱ्या दिवशी कामावर आले. सायकलीनंच. मी गेटवर उभा होतो. त्यांनी नेहमीसारखा मला हात केला, मी तोंड फिरवलं. इतका संताप मला जन्मात कुणाचा आला नव्हता.

कंपनीनं चौकशी लावली. तीन साहेब, आणि कागदपत्रं पुढं ठेवायला मी. प्रश्न सगळा एकाच गोष्टीवर आला: दत्तानं हॉर्न मारला होता का? मारला असेल तर चूक सायकलवाल्याची. नसेल तर ड्रायव्हर निष्काळजी.

दत्ता म्हणाला, "साहेब, मोरीपासनं हॉर्न धरला व्हता. सोडलाच नाय."

बसमधल्या माणसांना विचारलं. कुणी झोपेत होतं, कुणी म्हणालं हॉर्न तर तो नेहमीच मारतो, त्या दिवशी मारला की नाही ते शपथेवर कसं सांगू? रंजनाताई हॉस्पिटलात. त्यांना पडल्याचंही आठवत नव्हतं.

मग नानांना बोलावलं. धुतलेला शर्ट, हातात टोपी. साहेबांनी विचारलं, त्यांनी "आं?" केलं, साहेबांनी पुन्हा विचारलं, "हॉर्न ऐकू आला का तुम्हाला?"

नाना म्हणाले, "नाय. हॉर्न नाय ऐकू आला." आणि माझ्याकडं बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं.

मोठ्या साहेबांनी मला सांगितलं, यांचा या वर्षीचा कानाच्या तपासणीचा रिपोर्ट काढा. मी फाइल उघडली. कागद त्यांच्यापुढं ठेवला. साहेबांनी वाचला: दोन्ही कान, श्रवणशक्ती नॉर्मल. झालं. माणसाचे कान चांगले, माणूस म्हणतो हॉर्न आला नाही, तर हॉर्न वाजलाच नाही. दत्ता ओरडला, "अवो देवाची शपथ घेऊन सांगतो!" साहेब म्हणाले, शपथ इथं चालत नाही. महिन्याच्या आत दत्ताला कामावरून काढलं. पोलिसांच्या केसलाही कंपनीचा तोच कागद जोडला गेला. आज तो दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, भाड्यानं विटा वाहतो. बाजारात भेटला तर मान खाली घालून जातो. आणि चूक त्याची एका तिळाएवढीसुद्धा नाही.

हे मला एवढं खात्रीनं कसं माहीत, असं कुणी विचारील. सांगतो. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

आवाजाच्या खात्यात काम करणाऱ्यांचे कान दरवर्षी तपासतात. बाहेरून गाडी येते, तिच्यात काचेची केबिन असते. माणसानं आत बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. तपासणारा काचेबाहेर मशीनपुढं बसतो, आणि आवाज सोडला की मशीनवर एक छोटा दिवा लागतो. त्या वर्षी मी रजिस्टर घेऊन तपासणाऱ्याच्या मागं उभा होतो. नाना आदल्या दिवशी माझ्या केबिनमध्ये आले होते. दार लोटून घेतलं आणि, जन्मात पहिल्यांदा, हळू आवाजात बोलले. "कान गेलेत रे माझे. डावा तर पार गेला, उजव्यात नुसता भुंगा. डॉक्टरनं लिवलं तर मला घरी बसवतील. दीड वर्ष राहिलंय. तेवढं सांभाळून घे."

मला काय वाटलं असेल? आपले नाना. ज्यांनी दोघंतिघं भाजता भाजता वाचवली ते नाना. इथं कोण कुणाचं सांभाळून घेत नाही? आज मी त्यांचं, उद्या ते माझं. दुसऱ्या दिवशी ते केबिनमध्ये बसले, मी काचेसमोर. दिवा लागला की मी रजिस्टरच्या कडेवरचं बोट उचलायचो, ते माझ्या बोटाकडं बघून बटण दाबायचे. तपासणाऱ्याची पाठ माझ्याकडं. त्याला काय कळणार? रिपोर्ट असा आला की विशीतल्या पोराचा येणार नाही. बाहेर आल्यावर नानांनी माझा हात दाबला. मी वर चेष्टा केली, "तपासणीत पास, आता लग्नाला उभे राहा."

आणि नंतर त्याच तोंडानं मी त्यांना रस्त्यात अडवत होतो! जाकीट देत होतो, अर्ज लिहीत होतो, सगळ्या मुलखाला रस्त्याची अक्कल शिकवत होतो. मागून येणारी गाडी ज्याला ऐकूच येत नाही तो माणूस रोज त्या रस्त्यावर जातोय, हे या तालुक्यात त्यांच्याखेरीज एकट्या मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं असतं तर कंपनीनं त्यांना हलक्या कामाला लावलं असतं, नाहीतर घरी पाठवलं असतं. चिडले असते, शिव्या घातल्या असत्या. पण सायकल त्या रस्त्यावर नसती, आणि दत्ता अजून बस चालवत असता. म्हणून त्या चौकशीत ते माझ्याकडं बघत होते. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, हॉर्न ऐकू आला नाही. उरलेलं मी सांगायचं होतं. मी फाइलची दोरी बांधत बसलो.

नाना रिटायर झाले. काही महिन्यांनी मला निरोप आला, येऊन जा. गेलो. ओटीवर बसले होते. सायकल भिंतीला टांगलेली, चाकांना गोणपाट गुंडाळलेलं. वैनी माझ्या बोलण्यातलं एकेक वाक्य त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा सांगत होत्या, इतका बहिरेपणा वाढला होता.

"बसमदी का बसत नव्हतो म्हायती हाय तुला?" नाना म्हणाले. "समदी बोलतात रे बसमदी. हसतात. मला काय कळायचं नाय. नुसतं बघून हसायचं किती? सायकलवर कुणी बोलत नाय."

मी पाण्याचा तांब्या ओढून घेतला.

"दत्ताचं वाटोळं झालं. चूक माझी. वळताना बघायला पायजे व्हतं, कान नव्हते तर डोळे व्हते. आत तीनदा बघायचो, भायेर एकदा नाय बघितलं. लई मस्ती व्हती, माझ्या रानातनं जातोय म्हणून." त्यांनी आतून प्लॅस्टिकची पिशवी मागवली. महाडला जाऊन कान तपासून घेतले होते, त्याचा कागद. "हे घेऊन मी सायबाकडं येतो. बोलतो, मी भयरा हाय, पोरानं हॉर्न मारला असणार."

मी कागद बघितला आणि वैनींना म्हणालो, "त्यांना सांगा, हा आत्ताचा कागद आहे. आत्ता ऐकू येत नाही हे यानं कळेल. तेव्हा येत नव्हतं, हे यानं ठरणार नाही. कंपनीकडं तेव्हाचा नॉर्मलचा कागद आहे."

वैनींनी सांगितलं. नाना माझ्याकडं बघत राहिले. "ते खरं. म्हणून तर तुला बोलावला. तू बोललास की ठरंल. तू बोट उचललंस ते तू सांग, नि बाकीचं मी सांगतो. दोघं मिळून जाऊ."

माझी मुलगी तेव्हा इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सेफ्टीच्या माणसानं सेफ्टीचा रिपोर्ट खोटा केला म्हटल्यावर मला कोण ठेवणार होतं? नोकरी तर गेलीच असती, वर गुन्हा. हे मी बोललो नाही. म्हणालो, "बघू. साहेबांची वेळ घेतो, कळवतो."

कळवलं नाही. दोनदा वैनींनी फोन केला, दोनदा मी साहेब बाहेरगावी आहेत म्हणून सांगितलं.

शेवटचे दिसले ते पावसाळा सरत आला तेव्हा, कंपनीच्या गेटवर. सकाळी दहाच्या सुमारास गेटवरून फोन आला. वॉचमन म्हणाला, "साहेब, नाना सकपाळ आलेत. तुमच्याबरोबर मोठ्या साहेबांना भेटायचंय म्हणतात. सोडू का आत?"

माझ्या केबिनच्या खिडकीतून गेट दिसतं. वॉचमनच्या चौकीबाहेरच्या बाकावर बसले होते. पांढरा शर्ट, मांडीवर ती प्लॅस्टिकची पिशवी, दोन्ही हात तिच्यावर. चपला चिखलानं भरलेल्या. वाडीपासून शेतांच्या बांधाबांधानं चालत आले होते, हे वॉचमननं नंतर सांगितलं. गाड्या आत जाताना तो त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना पाय आत घ्यायला लावत होता. ते पाय आत घ्यायचे, आणि पुन्हा ऑफिसच्या जिन्याकडं बघत बसायचे.

मी फोनवर म्हणालो, "सांग, मी साइटवर आहे. वेळ लागेल."

"बसू दे का त्यांना?"

"बसू दे."

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या दारानं कँटीनला गेलो. परत आलो तर बसलेलेच. शिफ्ट सुटली, बसेस लागल्या, माणसं त्यांच्या पाया पडून, पाठीवर थाप मारून चालली होती, आणि ते प्रत्येकाला काहीतरी विचारत होते. मलाच विचारत असणार. पुन्हा फोन वाजला. मी खिडकीतून त्यांच्याकडं बघत उभा होतो. तो वाजत राहिला आणि वाजून वाजून बंद झाला.